‘येते’ म्हणायची खोड

आमच्या घरी ‘जातो’ म्हणून कुणाला बाहेर पडता येत नसे. शाळेत निघताना चुकून तोंडातून तो शब्द गेला की आई चुलीपुढून ओरडायची, “जातो काय म्हनतं वं? येतो म्हन!” मग फाटकापर्यंत गेलेली मी दप्तरासकट मागे फिरायचे, आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखं ‘येतो’ म्हणायचे, तेव्हा कुठे शाळेचा रस्ता मोकळा व्हायचा. नुसतं जाण्यायेण्याचंच नव्हे. आमच्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातले तांदूळ संपले तरी आई बाबांना सांगायची, “तांदूळ वाढले, आना लागते.” पुढे मी नागपूरच्या सदरमधल्या एका शाळेत वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं, मांजर आडवं गेलं म्हणून थबकणाऱ्या पोरांना फैलावर घेतलं, पण घरातून निघताना ‘जाते’ हा शब्द माझ्या जिभेवर कधी चढला नाही. याच खोडीपायी मी समुद्रापलीकडच्या एका म्हातारीला माझी वाट बघत बसवलं, आणि त्या वाट बघण्यात तिचं भाजीचं अख्खं पीक बुडायची वेळ आली.

टांझानियाला मी गेले ती शाळेतली नोकरी सोडल्यावर. शाळेत असताना मुलांकडून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं तयार करून घ्यायचे. तेवढ्या भांडवलावर एका संस्थेने मला स्वयंसेवक म्हणून घेतलं. डोंगरातलं एक गाव होतं, उतारावरचं जंगल तुटून तिथली माती दरवर्षी खाली वाहून जात होती. कोरड्या दिवसांत रोपवाटिका करायची, पाऊस लागला की रोपं उतारावर लावायची आणि परत यायचं, एवढं काम. आम्ही राहतो वाडीला, अमरावती रोडवर. मी जायची तयारी करत होते तेव्हा नेमके आमच्या रस्त्याकडेचे कडुलिंब पाडणं सुरू होतं, रस्ता रुंद करायला. शेजारीण दाराशी येऊन म्हणाली, “इकडं झाडं कापून राहिले अन् तू तिकडं लावाले चालली! काहून वं, इथली माती कडू हाय का?” त्या कडुलिंबांसाठी मी एक साधा अर्जसुद्धा केला नव्हता. विमान किती धूर सोडतं हे मुलांना फळ्यावर समजावणारी मी, विमानात बसल्यावर खिडकीची झडप ओढून झोपून गेले.

नवऱ्याचं वाडीतच ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस आहे. त्याने मला अडवलं नाही. एवढंच म्हणाला, “जाऊन ये. पन तिथल्या लोकायले जास्त शिकवू नोको. तुले सवय हाय.”

गाव पत्र्याच्या घरांचं, केळींच्या मधूनमधून उतरत जाणारं. माझी खोली शाळेच्या मागे होती. सकाळी कोंबड्यांच्याही आधी बायकांचे झाडू जागे व्हायचे. अंगण झाडून त्यावर झाडूच्या रेघा उठवायच्या, ही तिथली नीटनेटकेपणाची खूण. माझ्या अंगणात रेघा वेड्यावाकड्या यायच्या आणि समोरची बाई येता-जाता त्याकडे बघून तोंड फिरवायची. मग पिवळा कॅन घेऊन ओढ्यावर पाणी आणायचं. पहिल्या आठवड्यात मी तो डोक्यावर घेतला आणि अर्धा अंगावर ओतून घेतला. तेव्हापासून मी निमूट हातात धरून आणू लागले. चहाला तिथे ‘चाय’च म्हणतात, पैशाला ‘पेसा’, दुकानाला ‘दुका’. त्यामुळे मला पहिल्या चार दिवसांतच वाटू लागलं की आपल्याला त्यांची भाषा येते. हा भ्रम मला पुढे महागात पडला.

रोपवाटिकेसाठी जी जागा मिळाली होती ती एका म्हातारीची. तिथे आजीला ‘बीबी’ म्हणतात, म्हणून मीही तिला बीबी म्हणू लागले. पहिल्यांदा फोनवर नवऱ्याला सांगितलं की आज बीबीने जेवायला बोलावलं, तर हा ऑफिसातल्या लोकांना ऐकू जाईल असा हसला. “माह्या बीबीले बीबीनं बोलावलं म्हनते!” बीबी सत्तरीच्या आसपासची, काटक, वरचे पुढचे दात गेलेली. तिची वरची शेती मक्याची, ती घरात खायला. आणि ओढ्याकाठचा एक लहान तुकडा होता. पाऊस संपला की त्या ओलाव्यावर ती माठ, टोमॅटो, कांदे घ्यायची आणि आठवडी बाजारात नेऊन विकायची. तिच्या घरातलं मीठ, साखर, साबण, नातवंडांच्या वह्या, सगळं त्या तुकड्यातून यायचं. तो तुकडा तिने रोपांसाठी एका हंगामापुरता दिला होता, आणि त्याबदली संस्थेने तिला तेवढ्या हंगामाचं धान्य दिलं होतं. एका हंगामाचंच. हे लक्षात राहू द्यावं.

जागा दिली म्हणजे तिचं काम संपलं होतं. पण ती रोज यायची. मी माती चाळायचे, शेणखत मिसळायचे, ती पाय लांब पसरून बसायची आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या भरायची. तिच्या पिशव्या ताठ उभ्या राहायच्या, माझ्या कलंडायच्या. ओढ्यातून झारी भरून मी वाफ्यावाफ्याला पाणी द्यायचे तेव्हा ती शेळ्या हाकलायची आणि त्यांना अशा काही शिव्या द्यायची की मला त्या शिकायच्या होत्या, पण तिच्या सुनेने कधी अर्थ सांगितला नाही. सून तिशीची, हसरी. घरात एकुलता एक फोन तिच्याकडे. सुनेला शाळेत शिकलेलं थोडं इंग्रजी येत होतं आणि आमचं अडलं की ती पुढे व्हायची.

दुपारी उगाली असायची, मक्याच्या पिठाचा वाफाळता घट्ट गोळा, आणि सोबत पालेभाजी. मी भिवापूरच्या नणंदेने दिलेली तिखटाची पुडी नेली होती. एकदा बीबीने चिमूटभर मागून घेतलं. तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं, तिने मला आणि माझ्या देशाला नावं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट पुढे केलं. पुडी संपेपर्यंत हे रोज चाललं. ती संपली तेव्हा मी ‘तिखट वाढलं’ म्हणणार होते, पण ते त्यांच्या भाषेत कसं सांगायचं ते मला माहीत नव्हतं. एका अर्थी बरंच झालं.

कारण ‘येते’ कसं म्हणायचं ते मला माहीत होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. ‘नाकुजा’ म्हणजे ‘मी येते’. पुस्तकात तसंच दिलेलं. म्हणून संध्याकाळी निघताना मी हात हलवून म्हणायचे, “नाकुजा!” आणि खोलीवर जाऊन, आंघोळ करून, भात टाकून, झोपून जायचे. दुसऱ्या दिवशी बीबीचा चेहरा फुगलेला. सून काही बोलायची नाही. असे काही दिवस गेले. मला वाटलं, म्हातारी जरा लहरी आहे. आमच्याकडे काय कमी आहेत का!

एका सकाळी बीबीने मला हाताला धरून अंगणात उभं केलं. मग माझ्याकडे पाठ करून “नाकुजा” म्हणाली, झोपडीच्या मागे गेली आणि लगेच दुसऱ्या बाजूने परत आली. पुन्हा तेच केलं. पुन्हा. मग “नाएंडा” म्हणाली, म्हणजे ‘मी जाते’, आणि पार केळींपर्यंत चालत गेली, तिथून ओरडून विचारलं, कळलं का? सून हसून हसून खाली बसली होती. तेव्हा मला उमगलं. त्यांच्याकडे निघताना ‘येते’ म्हटलं की त्याचा अर्थ, ही गेले आणि ही आले, थांब जरा. आणि म्हातारी थांबायची. रोज संध्याकाळी माझ्या वाटणीची उगाली झाकून, स्वतः न जेवता, मी ओढ्यापलीकडून येते की काय म्हणून बघत बसायची. मी तिकडे घोरत असायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचे पाय धरले. तिथे वडीलधाऱ्यांना नमस्कार म्हणून ‘शिकामू’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ ‘पाय धरते’ असाच आहे म्हणे. पण प्रत्यक्षात कुणी धरत नाही, त्यामुळे बीबी घाबरून मागे सरकली.

त्यानंतर मी शहाणी व्हायला हवं होतं. ‘नाएंडा’ म्हणायला शिकायला हवं होतं. पण वाट बघत बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या दारातून ‘जाते’ म्हणून निघायचं, हे माझ्याने झालं नाही. जीभच वळायची नाही. मग मी तोड काढली, ‘नाकुजा केशो’, उद्या येते. ते तिलाही चाललं. महिनोनमहिने आम्ही त्या ‘उद्या’वर निभावून नेलं.

पाऊस लागला. रोपं उतारावर गेली. सगळं गाव डोक्यावर टोपल्या घेऊन चढायचं, मी सगळ्यांच्या मागून धापा टाकत. ओढ्याकाठचा तुकडा रिकामा झाला. माझं काम संपलं, आणि निघायचा दिवस आला. संस्थेची गाडी चढावर उभी होती. बीबी सकाळपासून माझ्या खोलीच्या पायरीवर बसून होती, चांगली नवी कापडं नेसून. मी तिला शिकामू म्हटलं. ती माराहाबा म्हणाली, म्हणजे नमस्कार पोचला. मग तिने माझ्याकडे बघितलं. आता ‘केशो’ तर म्हणता येत नव्हतं. माझ्या तोंडातून निघालं, “नाकुजा.”

पहिल्या वेळी मला अर्थ माहीत नव्हता. या वेळी माहीत होता. ती मुद्दाम झोपडीभोवती फिरून मला शिकवून बसली होती. आणि मला हेही माहीत होतं की मी परत येणार नाही. आदल्याच दिवशी संस्थेच्या माणसाने विचारलं होतं, पुढच्या हंगामाला याल का, तर मी नाही म्हणून मोकळी झाले होते. ते बीबीला सांगा, असं काही मी त्याला म्हटलं नाही. बीबीने माझं मनगट धरलं, मान डोलावली आणि लगेच रडं आवरलं. मला वाटलं, बघा, किती समजूतदार आहे. खरं तर, येणाऱ्या माणसासाठी कशाला रडायचं, म्हणून ती थांबली होती.

नागपुरात परत आले आणि मी सुखात होते. हे कबूल करायला लाज वाटते, पण तसंच होतं. नळ सोडला की पाणी. आपलं ताट, आपली उशी. झाडून काढायला अंगणच नाही. नवरा ऑफिसातून आला की ट्रकवाल्यांच्या भानगडी ऐकवायचा आणि मी त्याला शेळ्यांच्या. लोकांनी दोन-तीन ठिकाणी अनुभवकथनाला बोलावलं. मी बीबीची नाकुजाची गोष्ट रंगवून सांगायचे, झोपडीभोवती फेऱ्या मारून दाखवायचे आणि लोक हसायचे. शेवटच्या दिवसाची गोष्ट मी सांगत नसे.

मे महिन्यात, कूलरच्या टाकीत पाणी सोडत होते तेव्हा फोन वाजला. सुनेने फोटो पाठवला होता. ओढ्याकाठचा तुकडा. वाफे पाडलेले, काठ हाताने थापून गुळगुळीत केलेले. वर नव्या गवताचं छप्पर, रोपांना सावली हवी म्हणून. भोवती नवं काटेरी कुंपण. आणि वाफ्यांत काही नाही, नुसती चाळलेली माती. खाली तिच्या मोडक्या इंग्रजीत लिहिलेलं, बीबी विचारते, पिशव्या तुम्ही आणणार का? तिने जुन्या धुऊन ठेवल्या आहेत, त्या चालतील का?

टाकी भरून पाणी बाल्कनीभर झालं तरी मी तशीच उभी होते.

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग सुनेचा दुसरा निरोप आला. तिने फार जपून लिहिलं होतं. “बाजारात बाकीच्या बायकांचा माठ यायला लागला आहे. ओढा पुढे आटतो, आता लावलं नाही तर या वर्षी काही होणार नाही. मी बीबीला सांगून बघितलं की तुम्ही कदाचित येणार नाही. ती म्हणते, ‘ती नाकुजा म्हणाली आहे, आणि त्याचा अर्थ तिला येतो, मीच शिकवलाय.’”

हे वाचून मला अशी काही शरम वाटली की मी फोन पालथा घातला. संस्थेला विचारलं. या वर्षीची रोपवाटिका त्यांनी दुसऱ्या गावात हलवली होती. म्हणजे बीबीच्या जागेवर ना कुणी येणार होतं, ना तिला कुणी धान्य देणार होतं. तिचं साबण-साखरेचं पीक माझ्या एका शब्दावर अडून बसलं होतं. संस्थेचा माणूस म्हणाला, आम्ही कळवू तिला. मी म्हटलं, नको, मी सांगते. मोठा तोरा होता बोलण्यात. मग आणखी दोन दिवस काही केलं नाही.

नवऱ्याने माझी घालमेल ओळखली. रात्रीचं जेवण वाढताना मी त्याला सगळं सांगितलं. त्याने भाताचा घास तसाच हातात धरला. “गाडी लागनार नसन तं माल पाठवनाऱ्या पार्टीले सकाळीच सांगा लागते,” तो म्हणाला. “नाहीतं तो बिचारा माल गोदामाच्या भाईर काढून बसते. मंग त्याले ना गाडी भेटत, ना माल आत नेता येत. आपल्याले वाटते आपन त्याचं मन राखलं.”

“पण ‘येणार नाही’ असं तोंडावर कसं सांगू?”

“जसं आहे तसं.”

मी शब्द शोधला. ‘सिताकुजा’. मी येणार नाही. कागदावर लिहिला तर हसूच आलं. कुजा म्हणजे संस्कृतात भूमीची लेक, सीताच ती. एका शब्दात दोनदा सीता, आणि अर्थ ‘येणार नाही’. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “बराबर हाय नं. सीतामाय जमिनीत गेली, मंग कुठी परत आली?” आम्ही दोघं हसलो आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला. तिकडे सकाळ सरत आलेली. सुनेने फोन बीबीच्या कानाला लावून दिला असावा, कारण आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मी शिकामू म्हटलं. ती एवढ्या जोरात माराहाबा म्हणाली की मला फोन दूर धरावा लागला. मागे शेळी ओरडत होती. कधी निघतेस, असं तिने विचारलं. आणि मी, सगळा अभ्यास करून बसलेली विज्ञानाची बाई, म्हणाले, “बीबी, माझा गुडघा दुखतोय.”

गुडघा दुखतो, हे खोटं नव्हतं. पण या वयात कुणाचा दुखत नाही! गुडघ्यामुळे येत नाही, हे मात्र धादांत खोटं होतं. मला वाटलं, असं म्हटलं की ती समजून जाईल. आपल्याकडे समजतात. लग्नाला यायचं नसलं की तब्येत बरी नाही म्हणायचं, समोरच्याने काळजी घ्या म्हणायचं, दोघांनाही खरं माहीत असतं. बीबीला ही आपली रीत कुठली माहीत! ती लगेच हळहळली. कुठला गुडघा, उजवा की डावा? एका झाडाची साल उकळून लावायला सांगितली, सून तिचं नाव लिहून पाठवेल म्हणाली. आणि मग म्हणाली, “घाई करू नकोस. गुडघा बरा होऊ दे. मी जागा ठेवते.”

मी फोन ठेवला नाही. आता ठेवला तर पुन्हा लावायची हिंमत होणार नाही हे मला माहीत होतं. मी म्हटलं, “बीबी, ऐक. गुडघ्याचं नाही. मला येता येतं. पण मी येणार नाही.” आणि तो शब्द म्हटला, सिताकुजा. एकदा म्हटला, तिने ऐकला नसेल असं वाटून पुन्हा म्हटला. दुसऱ्या वेळी माझाच आवाज मला परका वाटला. “या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. तुझ्या जागेत तुझी भाजी लाव. आजच लाव.”

शेळी ओरडायची थांबली होती. मग बीबीने विचारलं, “तुला इथे कुणी काही बोललं का?”

मला आधी अर्थच लागला नाही. तिने पुन्हा विचारलं, हळू, जणू शेजारी कुणी ऐकेल. अंगण झाडता येत नाही म्हणून कुणी हसलं का? समोरचीने काही म्हटलं का? की ती स्वतः काही बोलली, त्या तिखटावरून? तिने गंमत केली होती. माझ्या न येण्याचं कारण ती आपल्या गावात शोधत होती, आपल्या घरात, आपल्या तोंडात. मी नाही, नाही म्हणत राहिले. कुणी काही बोललं नाही बीबी. तुम्ही सगळे चांगले होतात. मला आता माझ्या घरीच राहायचं आहे, एवढंच आहे. ते ‘एवढंच’ मला त्यांच्या भाषेत नीट म्हणता आलं नाही.

“बरं,” ती म्हणाली. तिने फोन सुनेला दिला आणि मागे काही बोलली ते मला कळलं नाही. मी विचारलं, काय म्हणते? सून म्हणाली, “काही नाही. जुनं बियाणं कुठे ठेवलंय ते विचारतेय.” शेळ्यांच्या शिव्यांचा अर्थ ती सांगायची नाही, तसाच हा आवाज होता. मीही खोदलं नाही.

पुढे महिनाभर तिकडून काही आलं नाही. मी रोज फोन उघडून बघायचे आणि स्वतः काही लिहायचे नाही. नवऱ्याला विचारायचे, मी बरोबर केलं ना? तो हो म्हणायचा. तो हो म्हणाला की मला त्याचाच राग यायचा. खरं सांगितलं म्हणून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, ते काही झालं नाही. उलट, लवकर सांगितलं असतं तर तिचे किती बाजार वाचले असते, हेच मनात घोळत राहिलं. शेजारीण एकदा म्हणाली, “लय सुकली वं तू. ऊन लागलं का?” मी हो म्हटलं.

मग एका सकाळी सुनेचा फोटो आला. सोबत काही लिहिलेलं नव्हतं. ओढ्याकाठचा तुकडा होता. वरचं गवताचं छप्पर काढून टाकलं होतं. माठ वर आलेला, दाट, तांबूस हिरवा. पलीकडे टोमॅटोच्या काठ्या रोवलेल्या, कडेने कांद्याची पात. काटेरी कुंपणाला लागून गेलेल्या कोपऱ्यातसुद्धा तिने काहीतरी टोचलं होतं. वाफ्यांमधून पाय ठेवायला जागा नव्हती. याचसाठी तर मी तो फोन केला होता. म्हातारीचा हंगाम वाचला होता, निदान अर्धा तरी. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असावा.

नवऱ्याने चहा आणून ठेवला, तो निवला. नवरा म्हणाला, “काय पाहून राहिली एवढं?” मी दोन बोटांनी तो फोटो मोठा करत होते, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवत होते. एखादा वाफा तिने माझ्यासाठी रिकामा ठेवलाय का, ते शोधत होते. तिने ठेवला नव्हता.